उसन्या आवाजातली कानडी

कुंदाताई गेल्याचं तिच्या लेकीनं, मेघनानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी बंगळूरमधल्या हेब्बाळच्या घरी मेथी निवडत बसले होते, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा आला तो राग. रडू नंतर आलं, बऱ्याच वेळानं. आधी वाटलं, ही काय पद्धत झाली? आदल्याच दिवशी हिनं मला फोनवर दम भरला होता की रविवारी ये, येताना शेंगदाण्याची चटणी आण आणि उगाच मुलाच्या सुट्टीची सबब सांगू नकोस. मी चटणी कुटून डब्यात भरूनसुद्धा ठेवली होती. आणि ही बाई सकाळी गांधी बाजारात पूजेची फुलं आणायला काय जाते, लक्ष्मम्मा फुलवालीच्या टोपलीशेजारी पायरीवर काय टेकते, ‘स्वल्प सुस्तु’, म्हणजे जरा थकल्यासारखं वाटतंय, एवढंच काय म्हणते... आणि संपलंच सगळं. लक्ष्मम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. पण नेऊन उपयोग नव्हता. आता दीड महिना होत आला. साताऱ्यात वाढलेल्या माझ्या बहिणीचे शेवटचे शब्द कानडी होते, हे मी कुणाला सांगितलं की लोक नुसती मान हलवतात. त्यात काय एवढं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून म्हटलं, एकदा नीट बसून सगळं सांगावं.

ताई माझी थोरली बहीण. हुशार मी आणि ढ ती, ही वाटणी आमच्या घरात फार लवकर होऊन गेली होती. पुस्तक उघडलं की तिला जांभया यायच्या. पाढे म्हणू नका, व्याकरण म्हणू नका, सनावळ्या म्हणू नका, सगळं या कानातून त्या कानात. मॅट्रिकला दोनदा गचकली आणि नंतर बसलीच नाही. एक गोष्ट मात्र तिला यायची, ती म्हणजे नकला. शेजारच्या काकू चालतात कशा, पोस्टमन सायकलवरून उतरताना कसा कण्हतो, शाळेतल्या बाई वर्गात शिरण्याआधी पदर कसा सावरतात... नक्कल करायची म्हणजे ती अख्खं ते माणूसच होऊन जायची. आवाज, मान, हात, अगदी वाक्याच्या मधे दम कुठे घ्यायचा तेसुद्धा. आम्ही भावंडं हसून गडबडा लोळायचो आणि वडील आतून ओरडायचे, पुरे झाले माकडचाळे. एकदा हेडबाईंची नक्कल चालू असताना खुद्द हेडबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं जी छडी खाल्ली तिची आठवण ती म्हातारपणीही हात चोळून सांगायची, आणि सांगतानाही हेडबाईंच्याच आवाजात. त्या गुणाला गुण असं आमच्यात कुणी म्हटलं नाही. तीही म्हणत नव्हती. ती स्वतःला ढ म्हणायची, आणि इतक्या सहज की ऐकणाऱ्याला वाईटही वाटू नये.

लग्न होऊन ती बंगळूरला आली, बसवनगुडीत. आमचे दाजी, रघुनाथराव, इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठीच चालायची, पण आमच्या साताऱ्याच्या कानाला ती गमतीची वाटायची. थोरल्या दिराला अण्णा, जावेला अक्का, ‘बरं’च्या जागी ‘सरी’. दाजींची शाळा कानडी, कचेरी कानडी, मित्र कानडी. उंबऱ्याच्या आत आले की मराठी. त्यामुळे ताईचं कधी अडलंच नाही. बाजारात खुणा आणि पाच-सहा शब्द, बाकी सगळं दाजींवर सोडलेलं. सुरुवातीला त्यांनी तिला कानडी शिकवायची खटपट केली होती, पण हिनं हात जोडले. माझ्या डोक्यात शिरत नाही, तुम्ही आहात ना, म्हणाली. दाजीही मग नाद सोडून मोकळे झाले.

पण दोघांचं बोलणं काय सांगू तुम्हाला! संध्याकाळी दाजी कचेरीतून आले की व्हरांड्यात कॉफीचे पेले घेऊन दोघं बसायची आणि दाजी विचारायचे, आज कोण कोण आलं होतं? की ताई सुरू. दूधवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरच्या गौरम्मा, एकेक जण त्या व्हरांड्यात येऊन जायचा. कानडी माणसांच्याही नकला ती करायची, आणि अर्थाशी तिला काडीचं देणंघेणं नसायचं. शब्द नुसते आवाज म्हणून उचलायचे आणि जसेच्या तसे समोर ठेवायचे. दाजी डोळे पुसत हसायचे, पोट धरायचे, पुन्हा एकदा कर म्हणायचे. आमच्या वडिलांनी ज्याला माकडचाळे म्हटलं, त्याला या माणसानं सगळं आयुष्य दाद दिली. त्यांच्या संसाराचा पाया तोच होता असं मी समजते. इतर जोडप्यांत एका वयानंतर बोलायला काही उरत नाही. यांच्यात रोज नवीन माणसं यायची.

तीनेक वर्षांपूर्वी दाजींना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. काही आठवड्यांनी वाचा परत येऊ लागली तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि मग लक्षात आलं की आलीय ती कानडी. ‘नीरु’, ‘बेड’, ‘साकु’... पाणी, नको, पुरे. मराठीचा एक शब्द नाही. ताईनं मराठीत काही विचारलं की ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, एखादा शब्द धरायचे, मग धागा सुटायचा आणि चिडून मान फिरवायचे. वाचा सुधारायला येणारी एक गोड मुलगी होती, तिनं समजावून सांगितलं की ज्यांना दोन भाषा येतात त्यांचं कधीकधी असं होतं. एक भाषा आधी परतते, दुसरी मागाहून येते, कधी येतही नाही. जी येतेय तीत त्यांच्याशी बोला म्हणाली.  ताई चहा करते म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

मेघना, त्यांची एकुलती एक मुलगी, कोरमंगलात नोकरी करते. कानडी तिला अगदी पाण्यासारखी येते. ती काही दिवस घरी येऊन राहिली आणि आईवडिलांची दुभाषी झाली. एका दुपारी मी तिथेच होते. दाजी खिडकीपाशी बसले होते, ताई ताट घेऊन उभी होती, आणि दाजी अडखळत अडखळत बरंच मोठं असं काहीतरी बोलले. झटक्यानंतर इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. मेघना म्हणाली, अप्पा म्हणतायत, आत्ता जेवण नको. ताई हलली नाही. “ते भय म्हणाले,” ती म्हणाली. “मी ऐकलं. भय आपल्यातही भयच की गं. जेवणाचं नव्हतं ते. काय म्हणाले सांग.” मेघनाला रडू फुटलं. दाजी म्हणाले होते की सकाळी जाग आली की भीती वाटते. कुणाचं बोलणं नीट कळत नाही. ही समोर उभी राहून बोलते तेही कळत नाही, जणू कुणी परकी बाई घरात आलीय. आईच्या जिवाला लागेल म्हणून पोरीनं ते गिळलं होतं. ताईनं ताट खाली ठेवलं. मग मेघनाचे डोळे पुसले आणि म्हणाली, “नवराबायकोच्या मधे दुभाषा नको मला. भ्यालेल्या माणसाला कुणी दुसऱ्याकरवी धीर देतं का?”

झालं. साठी उलटलेली माझी बहीण कानडी शिकायला बसली. मेघनानं पुस्तक आणून दिलं, मोबाईलवर कुणा मॅडमचा क्लास लावून दिला. मी मास्तरीण व्हायला टपलेलीच, मी दर रविवारी हेब्बाळहून जाऊन तिची उजळणी घ्यायची. मला स्वतःला कानडी येत नाही. आमच्या भागात सगळं हिंदीवर भागतं. पण पुस्तक समोर असलं की मला चेव येतो. आणि ताई... पाचव्या मिनिटाला जांभई, दहाव्या मिनिटाला डुलकी. विभक्तीचे प्रत्यय तिला काल पाठ झालेले आज आठवत नसत. माझ्या नाकी नऊ आले. आणि ती केविलवाणं हसून म्हणायची, निमे, ढ ती ढच राहणार बघ. तिकडे दाजींचं बोलणं पुन्हा आटायला लागलं होतं. जेवायचे नाहीत, औषध घ्यायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताई त्यांच्या पायाशी पुस्तक उघडून बसायची, ओठ हलवायची, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी कधी इतकी हतबल झाले नव्हते. मी तिला अक्षरं दाखवू शकत होते, बाकी काहीच नाही.

मग एके दिवशी काय झालं, दाजींनी गोळी थुंकली. ताईनं पुन्हा दिली, पुन्हा थुंकली. तिसऱ्यांदा थुंकली तेव्हा तिचा तोल गेला आणि तिच्या तोंडून बाहेर पडली ती लक्ष्मम्मा फुलवाली. त्याच सकाळी कुणा गिऱ्हाईकानं मोगऱ्याचे गजरे चिवडले, वास घेतला आणि न घेताच चालू लागलं, म्हणून लक्ष्मम्मानं त्याचा भर बाजारात पाणउतारा केला होता. ताई तिथे उभी होती. आता तिनं तस्साच कमरेवर हात ठेवला, हनुवटी पुढे काढली आणि ती सगळी फैर दाजींवर झाडली. घ्यायचं नाही तर हात कशाला लावता, सकाळी सकाळी जीव का खाता, असल्या अर्थाचं काहीतरी. अर्थ तिलाही मागाहून कळला. दाजी थक्क होऊन बघत राहिले. गोळी गिळली. आणि मग तोंडाच्या धड बाजूनं हसले आणि म्हणाले, “लक्ष्मम्मा!”

मला तेव्हाच फोन आला तिचा. श्वास लागलेला होता. “निमे, मला येतंय गं,” म्हणाली. “पुस्तकातनं नाही येत. माणसातनं येतंय.”

त्या दिवसापासून पुस्तक कपाटात गेलं आणि ताई घराबाहेर पडली. अगदी खरंच बाहेर पडली. इतकी वर्षं जी बाई दाजींवाचून बाजारापलीकडे गेली नव्हती, ती आता कान उघडे ठेवून गल्लोगल्ली हिंडायला लागली. आवाज आधी उचलायचा, घरी येऊन मेघनाला फोनवर ऐकवायचा, मग अर्थ विचारून घ्यायचा. तिची सगळी कानडी अशी उसन्या माणसांची होती. दाजींना वॉकर धरून पॅसेजमधून चालवायचं असलं की ती बसचा कंडक्टर व्हायची. मागे उभी राहून, काखेत नसलेली बॅग सावरत, घसा खरवडून ‘मुंदे होगी, मुंदे होगी’, पुढे चला, पुढे चला! आणि दाजी हसत हसत पाऊल टाकायचे. हाक मारायची झाली की वरच्या गौरम्मा. त्या गॅलरीतून नवऱ्याला ‘रीऽऽ’ म्हणून हाक मारतात, इथल्या बायका तशीच मारतात, आपल्या ‘अहो’सारखी. ताईला ती ‘री’ फार आवडली होती. आता यात घोळ काय व्हायचा तो तुमच्या लक्षात आलाच असेल. देवळातल्या पुजाऱ्याशी ती कंडक्टरच्या तोऱ्यात बोलायची आणि दारातल्या मांजराला गौरम्मांच्या आदरानं हाक मारायची. कुणाला काय शोभतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि लाज तर तिला मुळातच नव्हती. लोक हसायचे, तीही हसायची, आणि पुढच्या वेळी लोक तिच्याशी दोन वाक्यं जास्त बोलायचे.

पण खरी गोष्ट बाकीच होती. एका रविवारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो.  ताई म्हणाली, “भांडायला माणसं मिळाली, हुकूम सोडायला मिळाली, बाजार करायलासुद्धा मिळाली. पण घाबरू नका, मी आहे, असं कुणी मोठ्यानं बोलतच नाही गं. ते सगळे दार लावून बोलतात. मी कुठून उचलू?”

मी म्हटलं, मेघनाला विचार की. विचारलं होतं तिनं. मेघनानं वाक्य शिकवलं होतं, ताईनं घोकलंही होतं, पण तिच्या तोंडून ते स्टेशनवरच्या सूचनेसारखं आलं आणि दाजींनी एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसं आदबीनं तिच्याकडे बघितलं. शब्द बरोबर होते, पण त्यांत माणूस नव्हतं.  मी शेंगा सोलत राहिले. ज्या वाक्यासाठी तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता, नेमकं तेच तिला मिळत नव्हतं, आणि दाजी अजूनही रोज सकाळी भेदरलेल्या डोळ्यांनी जागे होत होते.

ते वाक्य तिला मिळालं ते व्यायामाच्या दवाखान्यात. दाजींना तिथे हातापायाचे व्यायाम करायला न्यावं लागे. बाहेर बाकावर बसलेली असताना तिनं एका माणसाला पाहिलं. धिप्पाड, काळाकभिन्न, झुबकेदार मिशा, बघूनच धडकी भरावी असा. त्यानं आपल्या चिमणीएवढ्या आईला व्यायामाला आणलं होतं आणि म्हातारी आत जायला तयार नव्हती. थरथर कापत होती. तो माणूस तिच्यापुढे जमिनीवर बसला, तिचे दोन्ही हात स्वतःच्या पंजात घेतले आणि इतक्या मऊ आवाजात काहीतरी म्हणाला की ताई सांगायची, माझ्या अंगावर काटा आला. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला आणि ताई पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. दाजी बाहेर आले तेव्हा हिचे ओठ हलत होते.

त्याच आठवड्यात मी गेले तेव्हा दाजी पलंगाच्या काठावर बसले होते, सकाळची वेळ, डोळ्यांत तीच भीती. ताई त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. त्यांचा धड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, नसलेल्या मिशांखालून ओठ जरा पुढे काढले आणि त्या माणसाच्या जाड, मऊ आवाजात म्हणाली, “नानु इल्ले इद्दीनि अम्मा, हेदरबेड.” मी इथेच आहे अम्मा, घाबरू नको. वाक्य तिनं अख्खंच्या अख्खं उचललं होतं, आईसकट. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. आणि मग दाजींकडे पाहिलं. दाजी हसत नव्हते. त्यांनी तिचा हात उचलून स्वतःच्या गालाला लावला आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. किती महिन्यांचं साठलेलं होतं कुणास ठाऊक. ताई तेच वाक्य म्हणत राहिली, म्हणत राहिली... मी खोलीबाहेर येऊन उभी राहिले.

नंतर मी तिला म्हटलं, अगं, ते अम्मा काढून टाक, नवरा आहे तुझा. तिनं करून पाहिलं. म्हणाली, तो शब्द काढला की आवाज मोडतो, मग ते वाक्य पुन्हा पुस्तकातलं होतं. राहू दे. तेव्हापासून दाजी घाबरले की ती त्यांना अम्मा म्हणायची. भेटायला येणारे लोक गोंधळायचे. दाजींना गंमत कळली होती, पुढे पुढे ते स्वतःच नाटकीपणे हात पुढे करायचे आणि ‘अम्मा’ म्हणून दाखवायचे, म्हणजे चल, सुरू कर.

दाजी काही बरे झाले नाहीत. तोंडून मराठी आली नाही, उजवा हात उठला नाही. पण सकाळची ती भीती गेली. घरात पुन्हा संध्याकाळी व्हरांड्यात कॉफी यायला लागली, आणि दाजी तुटक तुटक विचारायला लागले, ‘यारु बंदिद्रु?’ कोण आलं होतं? आणि ताई सांगायला लागली. आता शब्दांचे अर्थही कळून. मला वाटतं, त्या तीन वर्षांत दाजी सुधारले त्याहून जास्त ताई वाढली. बँकेत एकटी जायची, रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची, दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या इतर बायकांना धीर द्यायची. एकदा मला म्हणाली, निमे, मी आता हुशार झाले बरं का. मी म्हटलं, तू होतीसच. त्यावर ती नुसती हसली. तिचा विश्वास बसला नाही. लहानपणापासून आपल्याला काय येत नाही तेच ऐकत आलेल्या माणसाला, येतं ते मोजायची सवयच नसते. ताईपुढे केवढी भिंत होती, आणि ती चढायला आम्ही सगळे तिला आमचीच शिडी देत होतो, पुस्तकाची. ती पुन्हापुन्हा पडली. शेवटी जे तिच्याजवळ जन्मापासून होतं, ज्यासाठी तिनं छडी खाल्ली होती, तेच घेऊन ती पलीकडे गेली. कारण पलीकडे तिचं माणूस एकटं बसलं होतं. एवढं साधं आहे ते. 

आमची शेवटची भेट त्याच व्हरांड्याच्या दारात. संध्याकाळ होती, ढग येऊन गेले होते. ताई दाजींचे केस विंचरत होती आणि विंचरता विंचरता त्यांना म्हणाली की आज पाऊस येणार नाही, बाहेर बसू या. ‘इवत्तु मळे बरल्ल, होरगे कूत्कोळ्ळोण.’ एवढंच. मला मात्र ते निराळं लागलं. मी तिचे सगळे आवाज ओळखत होते. ही लक्ष्मम्मा नव्हती, गौरम्मा नव्हती, कंडक्टर नव्हता, तो मिशीवालाही नव्हता. शब्द कानडी, पण हेल सगळा आमच्या साताऱ्याचा, शेवट जरा लांबवलेला. मी विचारलं, ताई, हा कुणाचा आवाज? ती कंगवा हातात धरून विचार करत राहिली. मनातल्या मनात सगळी माणसं चाचपून बघत असावी. मग लाजली, अगदी नव्या नवरीसारखी. “कुणाचाच नाही गं,” म्हणाली. “माझाच की काय?”

पुढे ती काही आठवडेच होती, आणि मुलाच्या सुट्टीमुळे त्यातल्या एकाही रविवारी माझं जाणं झालं नाही.

दाजींना मेघनानं सांगितलं. त्यांच्या भाषेत, हात हातात घेऊन, जितकं हळू सांगता येईल तितकं. त्यांनी ऐकून घेतलं.  व्हरांड्यात ताईला आणून ठेवलं होतं तिथे त्यांना खुर्चीवरून नेलं, त्यांनी डाव्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मग खुर्ची फिरवायची खूण केली. त्या दिवसापासून ते बोललेले नाहीत. पाणी हवं असलं तरी मागत नाहीत. मेघना आता तिथेच राहते, तासन्‌तास त्यांच्याशी बोलते. सांभाळायला ठेवलेला माणूस हुबळीकडचा, तोही मायेनं बोलतो. गौरम्मा वरून येऊन बसतात, लक्ष्मम्मा फुलं घेऊन येते आणि रडून जाते. या सगळ्यांची कानडी ताईपेक्षा शंभर पटीनं चांगली आहे. दाजी सगळ्यांकडे बघतात आणि भिंतीकडे वळतात. वाचा सुधारणारी ती मुलगी पुन्हा आली, बसली, आणि जाताना मेघनाला म्हणाली की वाचा गेली असं मला वाटत नाही. ते मलाही कळत होतं. त्यांना बोलायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या रविवारी मेघनाला कामावर जावं लागलं म्हणून दुपारी मी दाजींजवळ होते. वाटीत मऊ भात आणि सारू, म्हणजे इथलं पातळ सार, कालवून घेऊन गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी मराठीत म्हटलं, दाजी, चार घास खा. काही नाही. हिंदीत म्हटलं, म्हणजे माझाच वेडेपणा. मला सगळ्यांचा राग आला, त्यांचा, ताईचा, त्या वाटीचा. मी तिथेच पलंगाच्या काठावर बसले, चमच्यावर फुंकर घातली आणि काय झालं मला सांगता येणार नाही, माझ्या तोंडून निघालं, ‘नोडि, बिसि इदे, निधान.’ बघा, गरम आहे, सावकाश. दर रविवारी ताई त्यांना भरवताना असं म्हणायची आणि त्यातला ‘निधान’ असा लांब ओढायची. मला नकला येत नाहीत. साता जन्मांत आल्या नसत्या. पण बहिणीचा आवाज काही शिकावा लागत नाही.

दाजी वळले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी कोण ते त्यांना पक्कं कळत होतं, त्यात भ्रम काही नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. मी घास दिला. तो सावकाश चावून त्यांनी गिळला, आणि मग ओठ हलले, आवाज फुटायला वेळ लागला. “इन्नू...” म्हणाले. “इन्नू हेळु.” अजून. अजून बोल.

मी बोलले. या, बसा, उशी नीट करू का, पडदा सारू का, ऊन येतंय का... ताई ज्या ज्या वेळी स्वतःच्या आवाजात बोलली होती ते आठवून आठवून, तिच्यासारखं ओढून. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फुलवालीचं, कंडक्टरचं मी काही म्हटलं नाही. ते ज्याचं त्याचं होतं. पण ताईची स्वतःची म्हणावी अशी वाक्यं माझ्याजवळ फार थोडी निघाली, कारण तिलाच ती नुकती सापडायला लागली होती. ती संपली तशी मी थांबले. दाजी तसेच डोळे मिटून वाट बघत राहिले. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.